मु. पो. बिबट्या

…नाही, स्पर्धेचे नियम वाचले होते हो! कोण म्हणतं वाचले नव्हते? बाराच्या बारा वाचले होते, चष्मा लावून वाचले होते, आमच्या लेकीनं, कशिशनं मोबाईलवर बोटानं मोठे करकरून दाखवले तसे एकेक वाचले होते. चित्र स्वतःचं हवं. कॅलेंडरवरून, फोटोवरून उतरवलेलं चालणार नाही. प्राणी आपल्या परिसरातला हवा. सगळं पाळलं! पण त्या बारा नियमांत कुठंतरी एक ओळ टाकायची होती ना राव, की चित्राखाली पत्ता लिहू नये म्हणून? नव्हती टाकली. आणि टाकणार तरी कोण, तुम्हीच सांगा! चित्रकाराच्या हातून असली चूक होतच नाही. ती पेंटरच्याच हातून व्हायची, कारण पेंटरचा हात… पत्त्याशिवाय थांबत नाही!

मी जब्बार पेंटर, यावल. बत्तीस वर्षं बोर्ड रंगवले. वर नाव, मध्ये चित्र, खाली पत्ता. हे आमचं शिक्षण, हीच आमची पदवी. दातांच्या डॉक्टरचा बोर्ड असेल तर मध्ये एक हसरा दात काढायचा, आता दात कसा हसेल ते मला विचारू नका, आणि खाली 'बस स्टँडसमोर, पहिला मजला' आणि एक बाण. बाण महत्त्वाचा! बाणाशिवाय माणूस पहिल्या मजल्यावर जात नाही, खालच्या खताच्या दुकानात शिरतो आणि दात दाखवत उभा राहतो. अख्ख्या तालुक्यात 'आशीर्वाद'मधला रफार बरोबर जागी देणारा माणूस एकच, हे मी नाही, हेडमास्तर म्हणायचे. मग फ्लेक्स आला. एका तासात बोर्ड, तोही फोटोसकट, रफार कुठंही. दुकानं गेली, भिंती गेल्या, माझ्या वाट्याला राहिली केळीबागेतली पंपघरं. त्यांच्यावर काय लिहायचं? 'येथे कॅमेरे बसवले आहेत.' मी मालकाला म्हटलं, भाऊ, कॅमेरा दिसत नाही कुठं? तर म्हणतो, "जब्बारभाऊ, तुम्ही लिहिलं ना? मग बसला!"

तर असाच एका पंपघरावर नसलेला कॅमेरा बसवायला गेलो होतो. कोणती बाग? सोडा. कोणता रस्ता? तेही सोडा! सांगणार नाही, एकदा पोळलोय. चैत्र संपत आलेला, बाहेर नुसती भट्टी, आणि बागेत शिरलं की गारवा. बागेत बायका काम करत होत्या, त्यांची मुकादम भागाबाई. ही नरडाण्याकडची, वीस वर्षांपूर्वी यावलला आली, पण बोली काही सोडली नाही. मी ब्रश धुवायला पाटाकडं निघालो, तर मागून ओरडली, "ओ जब्बारभाऊ, तिकडे जाऊ नको! तठे पिलं शेतस!"

शेतस म्हणजे आहेत. पण आता मला सांगा, केळीच्या बागेत पिलं म्हणजे काय? झाडाच्या बुंध्याशी कोंब फुटतात ना, त्यांना आम्ही पिलंच म्हणतो. पिलं कापा, पिलं ठेवा, दिवसभर बागेत दुसरा शब्द नाही! मला वाटलं, नवीन पिलं ठेवली असतील, माझ्या पायाखाली तुडवली जातील म्हणून बाई ओरडतेय. मी म्हटलं, "अहो अक्का, बघून पाय टाकतो!" आणि गेलो.

बघून पाय टाकला. बघितलंच.

पंधरा पावलांवर, वाळलेल्या पानांच्या ढिगावर ती आडवी पडलेली. बिबट्याची मादी. डावा कान फाटलेला. पोटाशी दोन पिलं चिकटून पीत होती, आणि माझ्या हातात पिवळ्या ऑइल पेंटचा डबा! ओरडू? आवाज नाही. पळू? पाय नाहीत. नुसता डबा आहे. तिनं मान उचलून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो. घरात बाई भाकरी थापत असावी आणि लाईटचं रीडिंग घेणारा न विचारता आत यावा, तर ती कशी बघेल? तसं. घेतलं का रीडिंग? मग निघा. मी उलट्या पावली निघालो.

आणि तुम्हाला सांगतो, त्या बत्तीस वर्षांत मी शेकडो वाघ-बिबटे काढले होते. ट्रकच्या मागे काढले, तालमीच्या भिंतीवर काढले, देवीच्या पायाशी काढले. सगळे जबडा उघडून, लाल जीभ, पांढरे सुळे. आणि हिचं तोंड मिटलेलं! तेव्हा कळलं, आयुष्यभर आपण बिबट्या काढलाच नाही. नुसता जबडा काढला. फार वाईट वाटलं मला.

भागाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "आते देखं ना? आते कोनलेच सांगू नको." मी म्हटलं, "अक्का, तुम्ही रोज इथं काम करता? फॉरेस्टवाल्यांना…" तर म्हणाली, "आम्ही डबा वाजाडत येतस, ती उठीसन बाजूले व्हई जास. ते दोन ओळ आम्ही सोडी देल शेतस. पिलं मोठं व्हतीन, निंघी जाई ती. पन गाव जमनं ना भाऊ, मंग ती बी बिथरी आनि मानसं बी बिथरतीन." खरं होतं तिचं. मागं एका शिवारात असंच झालं होतं. गर्दी जमली, आरडाओरडा, मादी अंगावर आली, एका माणसाचा हात गेला, आणि मग काठ्या… जाऊ द्या. भागाबाई म्हणाली, "घे आन." शपथ घे. कशाची घेऊ? हातात ब्रश होता. ब्रशाची घेतली.

आणि ती शपथ मी तोंडानं मोडली नाही, हे लिहून घ्या! बायकोला, मदिनाला सुद्धा सांगितलं नाही, म्हणजे बघा. शपथ मोडली ती ब्रशानंच.

झालं असं, की आमची कशिश कॉलेजात आहे, तिनं ही स्पर्धा शोधून काढली. वन्यजीव चित्रकला स्पर्धा आणि तीन दिवस प्रदर्शन, जळगावला, खुला गट. "अब्बा, भरा ना! तुमच्यासारखा हात कोणाचा आहे?" फ्लेक्स आल्यापासून हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं हो. भरला फॉर्म. बावीस दिवस ओट्यावर बसून चित्र काढलं. मदिना रोज उंबऱ्यात येऊन विचारायची, "अजी, ये किस दुकान का बोर्ड है?" मी म्हणायचो, कोणत्याच दुकानाचा नाही. "फिर इतना मन लगाके?" कशिश रोज शेजारी बसायची. मी तिला म्हटलं, मनानं काढतोय. ती वाळलेली पानं, खोडांतून तिरका येणारा उजेड, फाटका कान, मिटलेलं तोंड, पिणारी दोन पिलं, सगळं जसंच्या तसं आलं. शेवटच्या दिवशी डोळे काढले आणि माझा मीच दचकलो. इथं थांबायला हवं होतं ना? कोणीही थांबला असता. पण चित्राच्या खाली चार बोटं जागा कोरी राहिली होती.

पेंटरचा हात! पट्टी आखली. लाल भरला. पिवळी अक्षरं, त्यांना काळी सावली. 'बिबट मादी व दोन पिले, मु. पो.…' आणि मग अमुक शेत, अमुक पंपघराच्या मागे, अमुकवी ओळ. आणि शेवटी बाण! अहो, चित्रात बाण कुठं दाखवणार? तर बाण पिलांकडं! हात आपला चालतोय आणि मी आपला गुणगुणतोय, घोड्याला झापड लावल्यासारखा. कशिश म्हणाली, "अब्बा, अक्षर काय सुंदर आलंय!" मी म्हटलं, सावलीमुळं. ब्रश धुतला. चित्र जळगावला गेलं.

तिथं हॉलमध्ये साठ-सत्तर चित्रं. हरणं पाणी पिताहेत, हत्ती सूर्यास्त बघताहेत. आमच्याकडं हत्ती कुठून आले ते त्या हत्तींनाच ठाऊक! परीक्षक धुळ्याचे प्रेमराज सर, खादीचा झब्बा, खांद्यावर शबनम. माझ्या चित्रापुढं येऊन उभे राहिले ते हलेनात. मला वाटलं, पाठ धरली की काय! मग हळूच म्हणाले, "हा पत्ता…" मी पुढं झालो, "मी लिहिलाय सर." सर म्हणतात, "हा पत्ता नाहीये!" मी म्हटलं, पत्ताच आहे सर. "नाही! ही वेदना आहे. जंगलाचा पत्ता माणसानं पुसला, आणि आता वन्यजीवाला सातबाऱ्यावर राहावं लागतं, असं भाष्य आहे हे!" मी म्हटलं, सर, साधा पत्ता आहे. सर मॅडमकडं वळले, स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या मॅडम होत्या, त्यांना म्हणाले, "कलाकाराला स्वतःला कळत नसतं." मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

आणि मला खरंच कळत नव्हतं हो! दोन दिवस लोक माझ्या चित्रापुढं उभं राहून फोटो काढत होते, बाणापाशी बोट धरून हसत होते, आणि मी बाजूला इस्त्रीच्या शर्टात उभा. एकाही माणसानं असं विचारलं नाही, की ही नजर कशी जमली? सगळे म्हणायचे, "पत्ता लय भारी टाकला, काका!" मी म्हणायचो, धन्यवाद.

तिसरा दिवस, रविवार, बक्षीस समारंभ. पहिल्या रांगेत मी आणि कशिश. मॅडमनी आधीच कानात सांगून ठेवलेलं, "पहिला नंबर तुमचा, पण चेहरा तसा ठेवू नका." चेहरा कसा ठेवायचा, ह्या विचारात मी, तेवढ्यात फोन वाजला. भागाबाई.

"जब्बारभाऊ! तू काय लिखी ठेवं रे? आठे बठ्ठा गाव जमेल शे! मोबाईल लीसन फिरी राहिनात, पिलं कोठे, पिलं कोठे!"

मी म्हटलं, अक्का, मी कोणाला काही… आणि समोर बघितलं. समोर माझं चित्र. लाल पट्टी, पिवळी अक्षरं, बाण. तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांत मी माझा बोर्ड गिऱ्हाइकासारखा कधी वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला.

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं. "काय सांगू? पिलंच दाखाडी दिन्हात!" ती त्या गर्दीला केळीचे कोंब दाखवत फिरत होती! "हाई बठ्ठी पिलंच शेतस भाऊ, जितला फोटो काढना शेतस तितला काढी ल्या!" निम्मे लोक हसले, निम्मे वैतागले. "पन आते त्या पंपघर शोधी राहिनात. तिकडेच ती शे. काही कर रे भाऊ, आन घेल व्हती तू."

फोन ठेवतो तर दुसरा. स्वप्नील. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईलचं दुकान आहे त्याचं, रील बनवतो. "काका, अभिनंदन! तुमच्या चित्राचं रील टाकलं ना, तुफान चाललंय! आम्ही बागेतच आहोत, चाळीस-पन्नास जण. तुमचा कार्यक्रम इथून लाईव्ह बघतोय. तुमचं बक्षीस झालं की आत शिरतो. बाण कोणत्या बाजूला होता हो, पंपघराच्या डाव्या?"

आता काय करायचं? चित्र झाकू? फोटो घरोघर गेलेला. स्वप्नीलला हातापाया पडून सांगू, की जाऊ नको बाबा, पिलं आहेत? म्हणजे खात्रीच पटली! आणि माईकवर मॅडमचा आवाज, "खुल्या गटातील प्रथम पारितोषिक… यावलचे श्री. जब्बार पेंटर!" टाळ्या! कशिश उभी राहून वाजवतेय, डोळ्यांत पाणी. अहो, पाहिजे होतं ना मला ते बक्षीस. खोटं कशाला बोलू? फ्लेक्सनं पुसून टाकलेलं माझं नाव कोणीतरी माईकवर घेतलं होतं. पायऱ्या चढलो. ट्रॉफी हातात दिली. मॅडम म्हणाल्या, "दोन शब्द बोला."

मी माईक धरला. तिकडं बागेत स्वप्नीलच्या हातात असलेला मोबाईल मनात डोळ्यांसमोर आणला आणि म्हटलं, "हे चित्र खोटं आहे."

प्रेमराज सर डोळे मिटून मान हलवायला लागले, "वा! सगळी कलाच…" मी म्हटलं, "नाही सर. चोरलेलं आहे. कॅलेंडरवरून उतरवलं. मी आयुष्यात बिबट्या बघितलेला नाही. खालचा पत्ता मनानं ठोकला, तसल्या कुठल्याच बागेत काहीच नाही. स्वप्नील, ऐकतोय ना? घरी जा."

प्रेमराज सर उठून उभे राहिले. चांगला माणूस हो, खरंच चांगला माणूस, त्यांना पटेना. "पण… तो फाटका कान? कोणत्या कॅलेंडरवर फाटक्या कानाचा बिबट्या असतो?"

मी म्हटलं, "सर, कॅलेंडरच फाटकं होतं."

हॉल हसला. असा हसला, असा हसला, की काय सांगू! मी बत्तीस वर्षांत एक खरं चित्र काढलं आणि ते खोटं आहे म्हणून मीच सांगितलं, आणि लोक पोट धरून हसताहेत. कशिश तेवढी हसत नव्हती. तिच्या टाळ्या तशाच हवेत राहिल्या होत्या. ते मला अजून दिसतं.

नियम क्रमांक दोन! स्पर्धेतून बाद. ट्रॉफी माझ्या हातातून काढून घेतली आणि दुसऱ्या नंबरच्या मोराला दिली. आणि तो मोर, तुम्हाला सांगतो, तो मोरच कॅलेंडरवरचा होता! जळगावातल्या एका कापडवाल्याचं कॅलेंडर, त्याच्या यावलच्या दुकानाचा बोर्ड मीच रंगवलेला! बोलू शकतो का मी? नाही. चोरानं चोराला कसं ओळखलं म्हणतील.

बागेतले लोक मला शिव्या घालत परतले. स्वप्नीलनं संध्याकाळी दुसरं रील टाकलं, 'यावलचा नकली पेंटर', ते पहिल्यापेक्षा जास्त चाललं. ज्या शाळेच्या भिंती मी दरवर्षी रंगवायचो, तिथल्या बाई म्हणाल्या, "मुलांसमोर बरं दिसत नाही, जब्बारभाऊ." मी म्हटलं, बरोबर आहे. काय म्हणणार?

एसटीत कशिश खिडकीशी बसली, मी शेजारी, चित्र दोघांच्या गुडघ्यांवर उलटं ठेवलेलं. तापीचा पूल गेला. यावल जवळ आलं तेव्हा म्हणाली, "अब्बा, बावीस दिवस मी रोज शेजारी बसत होते. कॅलेंडर कुठं होतं?" मग मी तिच्या कानात सगळं सांगितलं. ऐकलं तिनं, आणि खिडकीकडं तोंड करून रडली. मीही रडलो. एसटीत बरं असतं, धुळीवर ढकलता येतं.

चित्र आता घरी आहे, खालची पट्टी मी काळी करून टाकली. चार-आठ दिवसांनी भागाबाई आली. चहा घेतला नाही, चित्रापुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता शपथेवरून धुणार. तर म्हणाली, "डावाच कान फाटेल शे तिन्हा. बराबर काढा तू." आणि कामाला निघून गेली. एवढंच. तेच माझं पारितोषिक समजा.

तुम्ही म्हणाल, मग आज का सांगतोस? आज सांगतो, कारण ती बाग आता नाही. केळी काढली, मालकानं हळद लावली, पंपघरावरचा माझा कॅमेरा तेवढा शिल्लक आहे. पिलं मोठी झाली आणि ती त्यांना घेऊन कधीच निघून गेली, भागाबाई म्हणाली होती तशी. कुठं गेली ते भागाबाईनं मला मागच्या महिन्यात सांगितलं, आणि तेव्हापासून हात असा शिवशिवतोय, की घरात कुठं कोरी जागा दिसली की मी मदिनाला सांगतो, ब्रश लपव. परवा तर पिठाच्या डब्यावर बाण काढून बसलो होतो…

काय? काय म्हणालात, भाऊ? मागच्या रांगेतून जरा मोठ्यानं… हां. "आता ती कुठं आहे?"

विचारलंत ना! मला वाटलंच होतं. एवढा वेळ बोललो मी, घसा कोरडा केला… पत्ता सगळे विचारतात, भाऊ. चित्र कसं होतं, ते आजवर एकानं विचारलं नाही.